चर्चमधील साधे लग्न

बेळगावकडील वा गोव्यातील एखाद्या मध्यम स्थितीतल्या कॅथॉलिक घरात मुलीचे लग्न ठरले, की बाप एका सायंकाळी धर्मगुरूंना भेटतो आणि दुसऱ्या दिवशी पतपेढीत जातो. हॉल, बँड, केक, मोटारीवरील फुले, शिंप्याचे बिल अशी यादी वाढत जाते आणि तिच्या माथ्यावर मात्र ‘चर्चमधील लग्न’ एवढेच शब्द असतात. कर्ज होते हॉलचे. नाव होते चर्चचे. हा हिशेब श्रोत्यांनी एकदा तपासून पाहण्याजोगा आहे.

चर्चला विवाहासाठी हवे असते ते थोडकेच. वधूवरांची मनमोकळी संमती, ती विचारणारा अधिकृत धर्मगुरू आणि दोन साक्षीदार. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली हा नियम घातला तो थाटासाठी नव्हे. चोरून लग्न लावून पुढे ते नाकारणारे व राजरोस दुसरी बायको करणारे पुरुष तेव्हा होते. त्यांना पायबंद बसावा म्हणून साक्षीदार आले. अंगठी सोन्याचीच हवी असे कोठेही लिहिलेले नाही. पांढऱ्या झग्याची चाल तर १८४० साली व्हिक्टोरिया राणीने आपल्या लग्नात तो घातल्यानंतर फैलावली. तिला धर्माज्ञा मानण्याचे कारण नाही. आईची जपून ठेवलेली लग्नातली साडी नेसून वधू वेदीपुढे उभी राहिली, तर विधीत काडीचेही उणे येत नाही.

कागदपत्रांना पैशांपेक्षा वेळ अधिक लागतो. स्नानसंस्काराचा ताजा दाखला, विवाहपूर्व शिबिर, चर्चमधील जाहीर सूचना, यांसाठी तीन-चार महिने हाताशी असावेत. गोव्यात नागरी निबंधकाच्या कचेरीतील पायरी आधी पार पाडावी लागते. बेळगाव वा इंदूरकडे १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा लागू आहे.

धर्मगुरूंना द्यावयाच्या देणगीविषयी उगाच भीती असते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेत स्पष्ट म्हटले आहे की, ठरलेल्या देणगीपलीकडे काही मागू नये आणि गरिबीमुळे कोणी संस्काराला मुकू नये. अडचण असेल तर ती पहिल्याच भेटीत सांगावी. लग्नाच्या आदल्या दिवशी सांगण्यात दोघांनाही संकोच होतो.

खरी काटकसर वेळेच्या निवडीत आहे. पूर्वी कम्युनियन घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून उपाशी राहावे असा दंडक होता. म्हणून लग्ने सकाळी लागत आणि नंतर न्याहारी होई. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी हा नियम सैल केला व सायंकाळच्या मिस्सेलाही वाट दिली. सोय झाली खरी. पण सायंकाळबरोबर रोषणाई आली, जेवणावळ आली, मध्यरात्रीपर्यंतचा बँड आला. सकाळची मिस्सा धरली, की चर्चच्या अंगणात चहा, पाव, पातळ भाजी व केकचा तुकडा एवढ्यावर पाहुण्यांची उत्तम बोळवण होते. नाताळच्या आठवड्यात चर्च आधीच सजलेले असते. फुलांचा खर्च निराळा करावा लागत नाही. रोसाचा सोहळा मात्र टाळू नये. चार नारळांचे दूध आणि शेजारणींच्या झोती, यांत खर्च तो कितीसा?

हे सारे ठाऊक असूनही कर्ज होतेच. कारण साध्या लग्नाचा विषय काढणार कोण? मुलीच्या बापाने काढला तर तो कंजूष ठरतो किंवा त्याची ऐपत उघडी पडते. शिवाय मुलीला सासरी त्यावरून टोमणे ऐकावे लागतील ही धास्ती असतेच. म्हणून तो गप्प बसतो आणि व्याज भरतो. वरपक्षाला हा धोका नाही. मुलाच्या आईने सोयरीक ठरताच म्हणावे, “व्याहीबुवा, आम्हांला हॉल नको, बँड नको, सकाळची मिस्सा पुरे.” एवढ्या एका वाक्याने समोरच्या माणसाच्या छातीवरचा धोंडा उतरतो. ते वाक्य मात्र साक्षीदारांसमक्ष, मोठ्याने बोलले जावे. मागाहून कोणी मामा किंवा आतेभाऊ ते फिरवू पाहतो.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, ही गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती लग्नात आठवली जाते. त्या मेजवानीच्या कारभाऱ्याने रसाविषयी बोलावून घेतले ते वराला, वधूच्या बापाला नव्हे, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.