सैनिकाला अभिवादन आणि पहिलं शील

(25 नोव्हेंबरच्या अभिवादन सभेतील भाषण)



मघाशी एका विद्यार्थ्याने मला विचारलं, "सर, आपण आत्ताच पंचशील घेतलं. पहिलंच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं. आणि लगेच मेजर परमेश्वरन यांच्या फोटोला हार. हे जुळतं कसं?" लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवतो, यावरच बोलतो.

आधी हकिकत. मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, 8 महार बटालियनचे अधिकारी. जुलै 1987 मध्ये भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडे गेली. 25 नोव्हेंबरच्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्यांनी हल्ला केला. मेजरांनी मागून वळसा घालून थेट चाल केली. हातघाईत छातीत गोळी लागली. झाडणाऱ्याचीच रायफल हिसकावून त्यांनी त्याला ठार केलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. वय 41. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. महार रेजिमेंटचं ते एकमेव.

ही रेजिमेंटही सहज मिळालेली नाही. 1818 ला कोरेगावात लढलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांना इंग्रजांनी 'लढाऊ जात नव्हे' म्हणून फौजेची दारं बंद केली. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये सरकारकडे निवेदन पाठवलं. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 111 वी महार पलटण उभी केली, गरज संपल्यावर 1921 ला मोडली. 1941 ला बेळगावात रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. आज तिथे अनेक जातींचे, अनेक प्रांतांचे जवान आहेत. परमेश्वरन यांची जात कोणती, हे शोधावंसं मला कधी वाटलं नाही.

आता प्रश्नाकडे येऊ. संयुत्त निकायात योधाजीव नावाचा सैनिकांचा एक प्रमुख भगवान बुद्धांना विचारतो, रणात पडलेला वीर स्वर्गात जातो असं आमचे जुने आचार्य सांगतात, आपलं काय म्हणणं? बुद्ध म्हणतात, हे राहू दे, विचारू नकोस. तो पुन्हा पुन्हा विचारतो. तेव्हा बुद्ध स्पष्ट सांगतात: 'हे मरोत, हे नष्ट होवोत' अशा मनाने लढता लढता जो मरतो, त्याची गती वाईट. योधाजीव रडू लागतो. का? तर बुद्धांच्या बोलण्याने नव्हे, आचार्यांनी इतके दिवस फसवलं म्हणून.

'वीरगती' हा शब्द आपण सहज वापरतो. मला तो आता जड जातो.

पण बुद्धांचं बोट मनातल्या इच्छेवर आहे, हे विसरू नका. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज असा फरक केला आहे. छातीत गोळी असताना परमेश्वरन यांच्या मनात काय होतं? मी तिथे शिरू शकत नाही. एवढं दिसतं, की त्या अवस्थेतही ते आपल्या माणसांना सोडून पडून राहिले नाहीत. माझा हार त्याला आहे.

आणि ज्या बेटावर हे घडलं, तिथलीच दुसरी गोष्ट ऐका. 'महावंस'मध्ये दुट्ठगामणी राजा युद्ध जिंकतो, पण इतकी माणसं मारली म्हणून त्याला चैन पडत नाही. तेव्हा अर्हत येऊन समजूत घालतात, की राजा, तू फक्त दीड माणूस मारलास. बाकीचे बौद्ध नव्हते, ते पशूंसारखे. ग्रंथ पाली, सांगणारे अर्हत, तरी हा धम्म नव्हे, असं मी म्हणेन. अमका पूर्ण माणूस, तमका अर्धा, तमका माणूसच नाही, हा हिशेब आपल्या आजोबा-पणजोबांनी गावात सोसला आहे. तो आपल्या बाजूने मांडला म्हणून बरोबर ठरत नाही.

आणखी एक. 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत भाषण केलं होतं. राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, हे त्यात सांगितलं. तारखा जुळल्या हा योगायोग, पण सैनिकाच्या फोटोआडून मतं मागणारे दिसले की मला ते भाषण आठवतं.

त्या लढाईत समोरचे पाच जण मेले. त्या मोहिमेत आपले सुमारे 1,200 जवान गेले. ज्याची रायफल हिसकावली, त्याचं नाव आपल्याकडे कुणाला माहीत नाही. त्यालाही कुणी घरी वाट पाहणारं असेल.

आता दोन मिनिटं उभे राहू. मेजर परमेश्वरन यांच्यासाठी, आणि त्या बिननावाच्यासाठीही. ज्यांना दुसऱ्यासाठी उभं राहणं पटत नसेल, त्यांनी बसून राहावं, मी वाईट मानणार नाही. सभेनंतर चहाला बोलू.

जय भीम.