मिनामाताची नाळ



जपानमधलं मिनामाता हे समुद्रकाठचं गाव. १९५० च्या दशकात तिथली मांजरं झोकांड्या खात, गरगर फिरत मरू लागली. मग माणसांचेही हात थरथरू लागले, जीभ अडखळू लागली. मे १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीतून ताटात येत होता.

संशय मासळीवर लवकरच गेला होता. पण १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने कळवलं, की खाडीतली सगळीच मासळी विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही. सरसकट बंदी घालता येणार नाही. पाऱ्याचं सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिलं. लोक मासळी खात राहिले.

जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ छोट्या डबीत जपून ठेवतात. पुढे संशोधकांनी त्या नाळा तपासल्या, तर त्यांत पारा निघाला! आई धडधाकट दिसायची, विष मात्र पोटातल्या बाळापर्यंत पोचलेलं.

तरीही गरोदर बाईला नुसतं ‘मासे बंद कर’ सांगणं मला पटत नाही. बाळाच्या मेंदूच्या वाढीला मासळी हवी असते. मोठा मासा लहानांना खातो, म्हणून पारा त्याच्यात साठत जातो. तेव्हा मुशीसारखा मोठा मासा टाळावा. तारली, मांदेली अशी छोटी मासळी खावी. बाजारात आपण कल्ला उचलून लाली बघतो. त्यातून ताजेपणा कळतो, पारा नाही. तो शिजवून, तळूनही जात नाही. मासा कुठल्या पाण्यातला, हेही मासळीवाल्या मावशींना विचारा.