गणिताची गोडी



मी कापडाचा व्यापारी. बी.कॉम. झालो खरा, परंतु शाळेत गणिताच्या तासाला पोटात गोळा येत असे. उत्तर चुकले की छडी ठरलेली. माझी नववीतील नात गेल्या दिवाळीत म्हणाली, "आजोबा, दहावी झाली की मी गणित सोडणार." मन खट्टू झाले.

तिला गल्ल्याशेजारी बसवून विचारले, "५०० रुपयांच्या साडीची किंमत २० टक्के वाढवली, मग २० टक्के सूट दिली. ग्राहक किती देईल?" ती उत्तरली, "पाचशेच!" बिलबुकाच्या पाठीमागे मांडले, तर ४८० आले. "मग वीस रुपये गेले कुठे?" मी उत्तर सांगितले नाही. (हा मोह आवरणे फार कठीण!) अर्ध्या तासाने तीच ओरडली, "सूट ६०० वर दिली!"

मग देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेला खेळ दिला. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा : ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तसेच : ८७३० − ०३७८ = ८३५२. आणखी एकदा, ६१७४. पुढे तेच येत राहते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तेथेच पोहोचते.

आता तिच्या चार मैत्रिणी रविवारी दुकानात जमतात. जागा अपुरी पडते. ट्रस्टच्या सभागृहात एक फळा मिळावा, ही विश्वस्तांना नम्र विनंती. खडूचा खर्च माझा.