जुन्या संगणकाला कल्हई



पितळी भांड्याची कल्हई उडाली म्हणून जुन्या पिढीतील गृहिणी ते मोडीत घालीत नसत. कल्हईवाला आळीत आला की भांडे पुन्हा वापरात येई. संगणकाच्या बाबतीत मात्र हा विवेक समाजाने गमावलेला दिसतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर हवा. परिणामी उत्तम चालणारी असंख्य यंत्रे एका रात्रीत 'जुनी' ठरली. शाळेच्या संगणक-कक्षातील दहा यंत्रे बदलण्याचे पैसे ज्या संस्थेजवळ नाहीत, तिने काय करावे, हा प्रश्न म्हणूनच खरा आहे.

'लिनक्स घाला' हे उत्तर तत्काळ दिले जाते. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर रचला. त्याच ३८६ चा आधार २०१३ सालच्या ३.८ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला. ज्या यंत्रावर जन्म झाला, तेच यंत्र पुढे परके झाले! तेव्हा लिनक्स म्हणजे जुन्या यंत्रांना कायमचे अभयदान, ही समजूत भाबडी आहे.

व्यावसायिक वितरणांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सचे उदाहरण बोलके आहे. २०२२ मधील ९ वी आवृत्ती साधारण २००८ नंतरच्या प्रोसेसरांवर चालते. २०२५ मधील १० व्या आवृत्तीला एव्हीएक्स २ ही आज्ञावली असलेला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ती २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आली. म्हणजे २०१२ च्या यंत्रावर १० वी आवृत्ती घालण्याचा खटाटोप व्यर्थ. ९ वी मात्र चालू शकते आणि तिला २०३२ पर्यंत आधार आहे. 'नवी तीच चांगली' हा आग्रह सोडला, तर त्या यंत्राला आणखी काही वर्षे सेवा करता येते.

मग पैसे कशाचे मोजायचे? मुक्त म्हणजे फुकट नव्हे. ग्राहक पैसे मोजतो ते दीर्घकाळच्या सुरक्षा-दुरुस्त्यांचे आणि अडल्यास मिळणाऱ्या साहाय्याचे. डब्लिनच्या झोरिन ओएसची 'प्रो' आवृत्ती विकत मिळते, 'कोअर' विनामूल्य. विनामूल्य आवृत्तीवर यंत्र पारखून मगच खिशात हात घालावा, हे शहाणपणाचे.

परीक्षेची रीत सोपी आहे. प्रथम जुन्या चकतीवरील सर्व कागदपत्रांची प्रत अन्यत्र काढून ठेवावी. या पायरीला पर्याय नाही. नंतर पेनड्राइव्हवर वितरण उतरवून संगणक त्यावरूनच सुरू करावा. 'लाइव्ह' पद्धतीत मूळ चकतीला धक्का न लावता सर्व काही पाहता येते. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, इन्स्क्रिप्ट कळफलकाने मराठी नीट उमटते का, हे एकेक तपासावे. पेनड्राइव्हवरून गती मंद भासते, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. यंत्र खरोखरच रेंगाळत असेल, तर स्मृती वाढवावी आणि फिरत्या चकतीच्या जागी एसएसडी बसवावी. अनेकदा दोष प्रोसेसरचा नसतो, चकतीचा असतो.

काही यंत्रे या परीक्षेत नापास होतील. विंडोजवरच चालणारी हिशेबाची प्रणाली ज्या कार्यालयाला अनिवार्य आहे, तेथेही हा मार्ग अडेल. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. भोक पडलेल्या भांड्याला कल्हईवालाही हात लावीत नसे. पण भांडे उजेडाकडे धरून पाहिल्याखेरीज तो तसे सांगतही नसे. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी तेवढी एक दुपार प्रत्येक जुन्या यंत्राच्या वाट्याला यावी.