मॅस्पेथची मिसेस रायन

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर घरी भांडी घासत असाल, आजचा भाग जरा लक्ष देऊन ऐका.

१९६४ साल. न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये मॅस्पेथ नावाची साधी कामगारवस्ती. ‘न्यू यॉर्क टाइम्स’चा तरुण बातमीदार जोसेफ लेलिवेल्ड तिथे एक घर शोधत येतो. (हेच लेलिवेल्ड पुढे दिल्लीत वार्ताहर होते आणि त्यांनी गांधीजींवर पुस्तकही लिहिलं.) तो शोधत असतो मिसेस रायनना. नवरा बांधकामावर कामाला आणि बाई चारचौघींसारखी.

लग्नाआधीचं तिचं नाव हर्मिने ब्राउनश्टायनर.

जन्म १९१९, व्हिएन्ना. तिला नर्स व्हायचं होतं, पण परिस्थिती नव्हती. मग घरकाम केलं, कारखान्यात राबली. १९३९ मध्ये राव्हेन्सब्रुकच्या महिला छळछावणीत पहारेकरी झाली. कारण काय, तर पगार जास्त! १९४२ मध्ये ती पोलंडमध्ये, लुब्लिनजवळच्या मायदानेक छावणीत गेली. तिथे कैदी बायकांनी तिला नाव ठेवलं ‘घोडी’. खिळे ठोकलेल्या बुटांनी ती त्यांना लाथा मारायची म्हणून. त्या छावणीत साधारण ७८ हजार माणसं मेली.

युद्धानंतर ऑस्ट्रियात तिला ३ वर्षांची शिक्षा झाली, तीही फक्त राव्हेन्सब्रुकमधल्या गुन्ह्यांसाठी. सुटल्यावर एका अमेरिकन माणसाशी लग्न केलं, आधीची शिक्षा लपवून अमेरिकेत शिरली आणि १९६३ मध्ये तिथली नागरिक झाली. विषय संपला असता. पण मायदानेकमधून वाचलेल्या काही बायकांनी तेल अवीवमध्ये सायमन विझेंथाल यांना गाठून विचारलं, त्या बाईचं पुढे काय झालं? विझेंथाल नाझी गुन्हेगारांचा माग काढायचे. त्यांनी धागा पकडला आणि पत्ता ‘टाइम्स’कडे पोचवला.

पुढेही सगळं संथच. १९७१ मध्ये तिचं नागरिकत्व गेलं. १९७३ मध्ये तिला पश्चिम जर्मनीच्या ताब्यात दिलं. अमेरिकेने अशी सोपवलेली ही पहिली नाझी गुन्हेगार. १९७५ ते १९८१, ड्युसेलडॉर्फमध्ये खटला चालला. कामकाजाचे दिवस ४७४!

या खटल्यातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. एक साक्षीदार, छावणीतली कैदी, सांगत होती की विषारी वायूचे डबे तिला गॅस चेंबरपर्यंत वाहून न्यायला लावले होते. तर आरोपींपैकी एकीचा वकील म्हणाला, मग हिलाच अटक करा, हत्येला मदत केली म्हणून!

बघा हं. एकीने डबे उचलले, कारण नाही म्हटलं असतं तर जीव गेला असता. दुसरीने नोकरीचा अर्ज भरला होता. ‘हुकूम होता हो, आम्ही काय करणार’ हे वाक्य दोघींच्या तोंडी सारखंच ऐकू येईल, पण वजन सारखं नाही. पहारा द्या, हा हुकूम असेलही. पण लाथ किती जोरात मारायची, कुणाला मारायची, हे हुकुमात लिहिलेलं नव्हतं. ते तिने स्वतः ठरवलं.

न्यायालयाने तिला ८० जणांच्या हत्येत, १०२ मुलांच्या हत्येला मदत केल्याबद्दल आणि १००० जणांच्या हत्येतल्या सहभागाबद्दल दोषी धरलं. त्या खटल्यात जन्मठेप फक्त तिला झाली. बाकीच्यांना थोडी वर्षं, काही तर सुटलेच. १९९६ मध्ये आजारपणामुळे तिचीही सुटका झाली आणि १९९९ मध्ये ती वारली.

कुणी म्हणेल, इतक्या वर्षांनी म्हातारीला कशाला छळायचं? मला वाटतं, वर्षं काय फक्त तिचीच गेली? साक्ष द्यायला आलेल्या बायकाही म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांना ते सगळं पुन्हा, अनोळखी लोकांसमोर, बोलावं लागलं. त्या बोलल्या, म्हणून आज आपल्याला हे माहीत आहे.

तुम्हाला काय वाटतं, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!