लिहिलं कुणी, समजलं कुणाला?



आज आपण कॉलेजच्या मार्कांबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आमचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींनी गटातून कर्ज काढून लेकीची फी भरली आहे. कुणाची मुलगी बी.ए.ला आहे, कुणाची सून लग्नानंतर बी.कॉम. पुरं करते आहे. मार्कशीटवर जो आकडा येतो, त्यावर त्यांची पुढची वाट ठरते. तो आकडा खरा असावा, ही काळजी आपलीसुद्धा आहे.

कॉलेजात सगळे मार्क शेवटच्या पेपराचे नसतात. बऱ्याच ठिकाणी शंभरातले ३० किंवा ४० मार्क कॉलेजच्या हातात असतात. त्याला अंतर्गत मूल्यमापन म्हणतात. शिक्षक विषय देतात, मुलं घरून असाइनमेंट किंवा प्रोजेक्ट लिहून आणतात. यामागचा विचार चांगला होता. पाठ केलेलं तीन तासांत ओतण्यापेक्षा मुलीनं वर्षभर काय काम केलं ते बघावं.

पण ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी नावाचं साधन आलं आणि मग त्याच्यासारखी आणखी आली. आता ही साधनं साध्या मोबाइलवर मिळतात. ‘महिला बचत गट आणि ग्रामीण विकास’ यावर लिहून दे म्हटलं, की मिनिटभरात चार पानं तयार. वर्षानुवर्षं गट आपण चालवायचा आणि त्यावरचा निबंध मोबाइलनं लिहायचा!

हे चालतं कसं? मोबाइलमध्ये कुणी माणूस बसलेला नसतो. या यंत्राला माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर दाखवलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येईल याचा हिशेब ते मांडतं आणि वाक्य जोडत जातं. म्हणून त्याची भाषा गुळगुळीत असते. पण खरं-खोटं त्याला आपल्यासारखं कळत नाही. कधी नसलेल्या पुस्तकाचं नावही ते ठणकावून सांगतं.

नक्कल पूर्वीही होती. गाइडमधून उतरवायचं, मागच्या वर्षीच्या मुलीची वही आणायची. पण तेव्हा दोन वह्या शेजारी ठेवल्या की चोरी सापडायची. आता प्रत्येकीला वेगळा मजकूर मिळतो. शेजारी ठेवायला दुसरी वहीच नाही.

मग काहींनी म्हटलं, यंत्राची चोरी यंत्रानंच पकडू. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतःच जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखणारं साधन काढलं. ते नेमकं ओळखत नाही म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये बंद केलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधनं तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, अशांनी स्वतः लिहिलेले इंग्रजी निबंध त्यांना दाखवले. त्यातले सरासरी निम्म्याहून जास्त निबंध ‘यंत्रानं लिहिलेले’ ठरले! कारण शिकून लिहिलेलं इंग्रजी साधं असतं, त्यात तेच ते शब्द येतात.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबा. मराठी शाळेतून गेलेली आपली मुलगी इंग्रजी असंच लिहिते. म्हणजे कष्टानं स्वतः लिहिणारीवरच संशय यायचा आणि यंत्राच्या मजकुरावर जरा हात फिरवणारी निसटायची. निव्वळ अशा साधनाच्या भरवशावर कुणाला दोषी धरणं हा अन्याय आहे.

दुसरे म्हणतात, असाइनमेंट बंदच करा, सगळे मार्क पेपरावर ठेवा. त्यानं मोबाइल बाहेर राहील खरा. पण मग पुन्हा पाठांतराचंच राज्य. सर्वेक्षण करणं, चार माणसांना विचारणं, चुकलं तर दुरुस्त करणं, हे तीन तासांत कसं दिसणार?

आता आपलं उदाहरण घेऊ. गटाला कर्ज द्यायच्या आधी ग्रेडिंग होतं. बँकेचे साहेब रजिस्टर बघतात. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब, ही आपली पंचसूत्री तपासतात. पण रजिस्टर कुणीही लिहून देऊ शकतं, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून ते कोपऱ्यातल्या एखादीला विचारतात, ‘ताई, गटाची बचत किती झाली? मागच्या बैठकीत कर्ज कुणाला दिलं? व्याज किती लावता?’ सही जेमतेम करणारी बाईही धडाधड सांगते, कारण पैसा तिनं मोजलेला असतो. कागद आणि माणूस दोन्ही जुळले, की गट खरा.

कॉलेजनंही हेच करायला हवं. लिहिलेलं घ्यावं आणि लिहिणारीला चार प्रश्न विचारावेत. ‘हा आकडा कुठून आणलास? हे का मांडलंस? पुन्हा करायचं झालं तर काय बदलशील?’ जिनं काम केलं ती अडखळत का होईना, सांगेल. जिनं नुसतं उतरवलं, तिची दुसऱ्या प्रश्नाला गाडी अडते.

शेतकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुली आपल्या गावात राहायला येतात. आपण त्यांना कृषिकन्या म्हणतो. बीजप्रक्रिया त्या आपल्यासमोर करून दाखवतात. बियाण्याला औषध किती लावायचं, हे आपण विचारतो आणि त्यांना सांगावं लागतं. नर्सिंगच्या मुलीला बीपी मोजून दाखवावा लागतो. बी.एड.च्या मुलीला वर्गात पाठ घ्यावा लागतो. तिथे मोबाइल तिच्या जागी उभा राहू शकत नाही. बी.ए., बी.कॉम.लाही असं काही ठेवता येईल. आपल्या गावच्या आठवडे बाजाराचा हिशेब मांड, पाण्याच्या टाकीचं वेळापत्रक तपास, आणि टिपणवही सोबत आण.

मोबाइल अजिबात वापरूच नये असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठानं परीक्षेच्या दोन वाटा केल्या आहेत. एका वाटेवर विद्यार्थ्याला समोर बसवून त्याला स्वतःला काय येतं ते तपासतात. दुसऱ्या वाटेवर एआय उघडपणे वापरायला मुभा आहे. हे मला पटतं. पुढे नोकरीत ही साधनं लागणारच. पण आधी स्वतःला येत असेल, तरच यंत्राची चूक पकडता येते. हिशेब येणारीच कॅल्क्युलेटरवर दाबलेलं चुकीचं बटण ओळखते.

यात अडचणी आहेत. वर्गात १२० मुलं असली आणि प्रत्येकाला पाचच मिनिटं दिली, तरी दहा तास लागतात. अनेक कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर काम चाललं आहे. शिवाय तोंडी परीक्षेत बुजरी मुलगी गप्प होते आणि चुणचुणीत बोलणारा मार्क घेऊन जातो. म्हणून तिला मराठीत बोलायची मोकळीक हवी. प्रश्न कशावर येतील ते आधी सांगायला हवं. मार्क कशाचे किती, तेही लिहून द्यायला हवं.

आपण काय करू शकतो? पालक सभेचा निरोप आला तर जा. घरच्या कामात ती बुडवू नका. तिथे तीन प्रश्न विचारा. असाइनमेंटमध्ये एआय किती चालतं, याचा नियम लिहून दिला आहे का? लिहिलेल्या कामावर मुलांशी तोंडी बोलता का? संशय आला तर मुलीचं म्हणणं ऐकून घेता का?

लेकीला सांगा, कच्चं लिहिलेलं फाडू नको. टिपणं, खाडाखोड, फोटो, सगळं जपून ठेव. उद्या कुणी बोट दाखवलं तर तोच तिचा पुरावा आहे.

आणि रात्री भाकरी करताना तिला म्हणा, ‘आज काय लिहिलंस ते मला सांग.’ तुम्ही कॉलेज बघितलेलं नसलं तरी चालेल. ती आपल्या बोलीत समजावू लागली, की तिलाच कळतं आपल्याला काय आलं आणि काय नुसतं उतरवलं. तुम्हाला कळलं नाही तर पुन्हा विचारा. लाजू नका.

गटात हा विषय पुढच्या बैठकीत घ्या. कॉलेजच्या मुली सर्वेक्षणाला आल्या तर त्यांना वेळ द्या, आणि जाताना विचारा, ‘पोरी, तू यातून काय शिकलीस?’ फी आपण घामाच्या पैशाची भरतो. तिच्या बदल्यात नुसता कागद नको, मुलीच्या अंगात आलेली विद्या हवी.