खिशातले नाणे : डाग कोणता, चूक कोणती?



मंडळाची वर्गणी मोजताना काळवंडलेले नाणे निघाले, की कोणी ते खोटे म्हणून बाजूस सारतो, तर कोणी टांकसाळीची दुर्मिळ चूक समजून जपून ठेवतो. दोन्ही निर्णय घाईचे होत, असे आम्हांस वाटते.

चूक नाण्याच्या जन्माबरोबर येते. डाग मागाहून चढतो. नाणे ठशाखाली नीट बसले नाही, तर चित्र एकीकडे सरकते व दुसरी कड कोरी राहते. ठसा तडकलेला असेल, तर नाण्यावर उंच रेघ उमटते. ओरखडा मात्र खोल असतो. पाच रुपयांच्या पिवळ्या नाण्यात तांबे, जस्त व निकेल असते. घामाने ते काळवंडते. चिंच-लिंबाच्या आंबटाने जस्त झिजून तांबूस दिसते. अक्षरे व कड शाबूत असतील, तर तो डागच समजावा. सालाखालचा गोल ठिपकाही चूक नव्हे. ती नोएडा टांकसाळीची खूण आहे.

आपल्या छत्तीसगडनेच याचा जुना दाखला दिला आहे. शरभपुरीय राजा प्रसन्नमात्र याची नाणी सोन्याच्या पातळ पत्र्यावर एकाच बाजूने ठोकलेली; मागे तेच चित्र उलटे व खोलगट. अजाणत्यास तो दोष वाटेल. प्रत्यक्षात ती घडणीची रीतच होती.

तेव्हा नाणे घासू नये, आधी निरखावे. दहा रुपयांच्या नाण्याचे १४ही प्रकार वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ साली स्पष्ट केले. रायपुरच्या बाजारात एखाद्या भाजीवालीचे नाणे केवळ रंगावरून नाकारणे, म्हणजे तिच्या कष्टांचे मोल नाकारणे होय.